ला पाझमध्ये दोघांचा खर्च: उंचीचा, चलनाचा आणि वेळेचा हिशेब

ला पाझचं विमानतळ समुद्रसपाटीपासून ४,०६१ मीटरवर आहे. शहराचा मध्यभाग सुमारे ३,६४० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच आणि लेहपेक्षाही थोडा वर. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या सुमारे ६४ टक्के असतो. मुंबईत एका श्वासाबरोबर जेवढा प्राणवायू आत जातो, त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच इथे मिळतो.

दक्षिण अमेरिकेत पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या जोडप्यांसाठी बोलिव्हियातलं हे शहर बराच काळ स्वस्त मुक्काम म्हणून ओळखलं जातं. कुस्कोहून तितिकाका सरोवरामार्गे येणारे इथे थांबतात, उयुनीच्या मिठागराकडे निघालेले इथूनच बस पकडतात. ‘दिवसाला किती लागतील?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर खोलीभाड्यापासून आणि जेवणाच्या दरापासून सुरू होतं. पण आकडे समोर मांडले की दिसतं, की मुक्काम स्वस्त पडणार की महाग हे खोलीपेक्षाही दुसऱ्या एका गोष्टीवर ठरतं: तुम्ही किती सावकाश वर चढलात.

आधी शहर

२०२४ च्या जनगणनेनुसार ला पाझ पालिकेच्या हद्दीत सुमारे साडेसात लाख लोक राहतात. कड्यावरच्या पठारावर वसलेल्या एल आल्तोमध्ये त्याहून जास्त, सुमारे ८ लाख ८५ हजार. एल आल्तो १९८५ मध्ये स्वतंत्र पालिका झाली. आयमारा भाषक मोठ्या संख्येनं असलेलं हे शहर ४,१०० मीटरच्या आसपास पसरलं आहे. दरीच्या दक्षिण टोकाची सोना सुर ही सधन वस्ती ३,२०० ते ३,३०० मीटरवर आहे. म्हणजे एकाच नागरी पट्ट्यात वरच्या आणि खालच्या घरांत आठ-नऊशे मीटरचा फरक पडतो. इथे उंचावरचं घर स्वस्त असतं आणि खालचं महाग, कारण खाली थंडी कमी आणि श्वास सोपा.

प्रवाशांची वस्ती या दोन्हींच्या मधे आहे. सान फ्रान्सिस्को चौकातून चढणारा सागार्नागा रस्ता, त्याला छेदणारा लिनारेस रस्ता आणि आसपासच्या गल्ल्या यांत हॉस्टेलं, सहली विकणारी दुकानं आणि लोकरीचे कपडे लटकवलेले ठेले दाटीवाटीनं उभे आहेत. लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट म्हणजे इथले जवळजवळ सगळे रस्ते चढाचे आहेत. नकाशावर तीनशे मीटर दिसणारं अंतर पहिल्या दिवशी दोनदा थांबल्याशिवाय पार होत नाही.

दोघांचा एक दिवस: नमुना हिशेब

खालचा हिशेब मध्यम काटकसरीनं राहणाऱ्या जोडप्याचा आहे. स्वतंत्र खोली, बाथरूम सामायिक, दुपारी बाजारात जेवण, रात्री साधी खानावळ, फिरायला सार्वजनिक वाहनं. दर २०२३ च्या अखेरच्या पातळीचे आणि ढोबळ धरले आहेत. आकडे बोलिव्हियानोमध्ये.

खोली: १६०
सकाळचा नाश्ता: २४
दुपारचं जेवण: ३६
रात्रीचं जेवण: ५०
पिण्याचं पाणी, फळं, चहा: २२
रोपवे आणि मिनीबस: २०
प्रवेश तिकिटं आणि किरकोळ: २०
एकूण: ३३२

यात सहलींचा खर्च धरलेला नाही. ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या युंगास रस्त्यावरची सायकल सफर सुमारे ४,६५० मीटरवरच्या ला कुंब्रे खिंडीपासून १,२०० मीटरच्या आसपास असलेल्या योलोसापर्यंत उतरते. तिचा एका माणसाचा दर या संपूर्ण दिवसाच्या खर्चापेक्षा जास्त असतो. ती घ्यायची की नाही हा वेगळा निर्णय आहे. रोजच्या बजेटमध्ये ती मिसळू नये.

आता एकेक ओळ पाहू.

खोली: निम्मा खर्च इथेच

३३२ पैकी १६० म्हणजे ४८ टक्के खोलीवर जातात. एकट्या प्रवाशाला डॉर्ममधली खाट सर्वांत स्वस्त पडते. दोघांना तसं होत नाही. डॉर्मची खाट ६० ते ७५ धरली, तर दोन खाटांचे १२० ते १५० होतात. स्वतंत्र खोली १६० ला मिळत असेल, तर फरक उरतो १० ते ४० बोलिव्हियानोंचा. तेवढ्या पैशात दार लावून झोपता येतं, सामान पसरता येतं, आणि दोघांपैकी एकाला बरं नसेल तर दिवसभर पडून राहता येतं. या उंचीवर ही शेवटची सोय चैनीची नसून गरजेची आहे.

खोली ठरवताना ‘मात्रिमोनियाल’ मागावी. यात एक मोठा पलंग असतो आणि दोन वेगळ्या खाटांच्या खोलीपेक्षा ती बहुधा स्वस्त असते. दुसरी चौकशी पांघरुणांची. जून-जुलैच्या रात्री तापमान शून्याजवळ जातं आणि स्वस्त खोल्यांत हीटर नसतो. तिसरी चौकशी अंघोळीच्या पाण्याची. बऱ्याच ठिकाणी शॉवरच्या तोंडालाच विजेचं कॉइल बसवलेलं असतं आणि पाणी जाता जाता तापतं. नळ पूर्ण उघडला की पाणी कोमट येतं. धार बारीक केली की गरम होतं. नवखा माणूस गरम पाण्यासाठी नळ आणखी उघडतो आणि कुडकुडत बाहेर येतो.

जेवण: दुपारी पोटभर, रात्री हलकं

बोलिव्हियात दिवसाचं मुख्य जेवण दुपारचं. बारा ते दोनच्या दरम्यान बाजारातल्या ओट्यांवर आणि छोट्या खानावळींत ‘अल्मुएर्सो’ मिळतो: आधी वाडगाभर सूप, मग भात-बटाट्यांसह मुख्य पदार्थ. माणशी १८ धरले तर दोघांचे ३६ होतात. सागार्नागावरच्या पर्यटकी कॅफेत एका ताटालाच ४५ ते ६० पडतात. रोज एक वेळ कॅफेत बसलात तर दोघांमागे ५४ ते ८४ बोलिव्हियानो जास्त जातात. चार दिवसांत ही रक्कम सव्वादोनशे ते साडेतीनशेपर्यंत जाते, म्हणजे दोन रात्रींच्या खोलीभाड्यापर्यंतही पोहोचते.

सान फ्रान्सिस्को चौकाला लागूनच असलेला लान्सा बाजार यासाठी सोयीचा. आत मजल्यामागून मजले आहेत आणि प्रत्येक ओट्यामागे एक बाई उभी असते. ओट्यापलीकडे लक्ष दिलं तर काही ठिकाणी ‘बातान’ दिसतो: सपाट दगड आणि त्यावर हातांनी डोलवायचा जड, अर्धगोल दगड. त्यावर टोमॅटो, लोकोतो मिरची आणि किर्किन्याचा पाला रगडून ‘ल्याख्वा’ तयार होते. पाट्यावर वाटलेल्या आपल्या ठेच्याची ती नात्यातलीच म्हणावी. प्रत्येक टेबलावर ती वाटीत ठेवलेली असते आणि तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. लोकोतोच्या बिया काळ्या असतात आणि तिखटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो, म्हणून पहिल्यांदा चमच्याच्या टोकाएवढीच घ्यावी.

शाकाहारी जोडप्यानं इथे सावध राहावं. शेंगदाण्याचं ‘सोपा दे मानी’ हे सूप ऐकायला शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुतेकदा हाडांचा रस्सा असतो. ‘कार्ने’ नको म्हटलं तर बाजारात त्याचा अर्थ गोमांस नको एवढाच घेतला जातो आणि ताटात कोंबडी येऊ शकते. दोन्हींची नावं घेऊन नाही म्हणावं आणि त्याऐवजी तळलेलं अंडं मागावं. ते जवळजवळ सगळीकडे मिळतं. भात, बटाटे, किन्वा, मका, चीज आणि भरपूर फळं यांवर पोट नीट भरतं. बटाटा याच अँडीज पर्वतातला आणि शेंगदाण्याची लागवडही दक्षिण बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनाच्या भागातच सुरू झाली. आपल्या उपवासाच्या ताटातला निम्मा ऐवज मूळचा इथला आहे, हे बाजारात बटाट्यांच्या राशी पाहताना लक्षात येतं. त्यातच ‘चुन्यो’ दिसतो: पठारावरच्या जून-जुलैच्या रात्रींत गोठवलेला, पायांनी तुडवून पाणी काढलेला आणि उन्हात वाळवलेला बटाटा. तो वर्षानुवर्षं टिकतो.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात स्वतः शिजवून पैसे वाचतील का? ला पाझमध्ये फारसे नाहीत. इथे पाणी सुमारे ८८ अंशांवर उकळतं. डाळ, राजमा, भात यांना नेहमीपेक्षा कितीतरी वेळ लागतो आणि डाळ तर प्रेशर कुकरशिवाय शिजतच नाही म्हणा. बाजारात १८ बोलिव्हियानोंत सूपासह गरम जेवण मिळत असताना दीड तास शेगडीपाशी उभं राहण्यात काटकसर नाही. नाश्त्याचं मात्र उलट आहे. पाव, चीज, केळी बाजारातून आणून खोलीवर खाल्लं तर २४ ऐवजी १५ मध्ये भागतं. थंडीच्या सकाळी जांभळ्या मक्याचं गरम, दालचिनी-लवंग घातलेलं ‘आपी’ बाहेर जाऊन प्यावं. त्यावर काटकसर करू नये.

फिरणं: तीन बोलिव्हियानोंत चारशे मीटर

ला पाझमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘मी तेलेफेरिको’ ही शहरी रोपवे. लाल मार्ग ३० मे २०१४ रोजी सुरू झाला, त्याच वर्षी पिवळा आणि हिरवा. हे तीन रंग देशाच्या झेंड्याचे. मार्च २०१९ मध्ये रुपेरी मार्ग उघडला तेव्हा दहा मार्गांचं, ३० किलोमीटरहून लांब जाळं पूर्ण झालं. शहरातल्या रोपवेंमध्ये जगात एवढं लांब जाळं दुसरं नव्हतं.

तिची क्षमता तोंडी मोजता येते. एका केबिनमध्ये दहा माणसं, दर बारा सेकंदांनी एक केबिन. तासाला ३०० केबिनी, म्हणजे एका दिशेनं ३,००० माणसं. लाल मार्ग २.४ किलोमीटर लांब आहे आणि दहा मिनिटांत सुमारे ४०० मीटर वर चढून एल आल्तोला पोहोचतो. भाडं सुरुवातीला ३ बोलिव्हियानो ठरलं आणि पुढची दहा वर्षं तेच राहिलं. एका मार्गावरून दुसऱ्यावर बदललं तर पुढच्या प्रत्येक मार्गाचे २.

या दरात एक फेरी आखता येते. मध्यवर्ती स्थानकातून लाल मार्गानं वर, मग कड्यावरून जाणारा रुपेरी, पिवळ्यानं खाली, तिथून आकाशी, पांढरा आणि शेवटी नारिंगी मार्गानं परत मध्यवर्ती स्थानकात. सहा मार्ग, माणशी ३ अधिक पाच वेळा २, म्हणजे १३ बोलिव्हियानो, दोघांचे २६. त्यात संपूर्ण शहर पायांखालून सरकतं: विटांची उघडी घरं, गच्चीवर वाळत टाकलेले कपडे, फुटबॉलची मैदानं, आणि आकाश निरभ्र असेल तर ६,४३८ मीटरचा बर्फाच्छादित इयिमानी. याच पैशांत एखाद्या सहलवाल्याची शहरदर्शनाची बस मिळणार नाही. गुरुवार किंवा रविवार असेल तर लाल मार्गाच्या वरच्या टोकाला उतरावं; तिथला ‘१६ दे खुलिओ’ हा आठवडी बाजार रस्त्यांमागून रस्ते व्यापतो आणि त्यात सुईपासून मोटारीपर्यंत सगळं विकायला येतं.

पण ही फेरी पहिल्याच दिवशी करू नये. ३,६४० मीटरवर शरीर अजून सावरत असताना चारशे मीटर आणखी वर जाऊन गर्दीत दोन तास चालणं हे डोकेदुखीला आमंत्रण आहे.

शहरातली दुसरी वाहनं म्हणजे मिनीबस. समोरच्या काचेवर ठिकाणांच्या पाट्या आणि काही गाड्यांत दारातून मार्ग ओरडणारा मदतनीस. भाडं अंतराप्रमाणे दोन ते तीन बोलिव्हियानो असे. ते आता पूर्वीच्या पातळीवर राहिलेलं नाही. जवळपास दोन दशकं बोलिव्हियात पेट्रोल लिटरमागे ३.७४ बोलिव्हियानोला मिळत होतं, कारण उरलेला भार सरकार उचलत होतं. डिसेंबर २०२५ मध्ये ते अनुदान काढलं गेलं आणि दर ६.९६ झाला, म्हणजे ८६ टक्के वाढ. इंधन एवढं महागलं की बसभाडं जुन्या जागी राहत नाही. बसच्या प्रत्येक जुन्या दरात वाढ धरूनच बजेट मांडावं.

चलन: स्वस्ताई दिसते तेवढी नाही

बोलिव्हियाच्या चलनाचा अधिकृत विक्री दर २०११ पासून एका डॉलरला ६.९६ बोलिव्हियानो असा बांधलेला होता. नैसर्गिक वायूची निर्यात भरात होती तोवर हे जमलं. २०१४ च्या अखेरीस देशाची परकीय गंगाजळी सुमारे १,५०० कोटी डॉलर होती. २०२३ च्या अखेरीस ती सुमारे १७० कोटींवर आली. बँकांत डॉलर मिळेनासा झाला आणि रस्त्यावर त्याचा वेगळा भाव सुरू झाला. २०२५ च्या मध्यावर हा समांतर दर अधिकृत दराच्या दुपटीपुढे गेला होता. नव्या सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये सूत्रं हाती घेतल्यानंतर वर्षअखेरीस तो दहाच्या आसपास उतरला.

रोख डॉलर घेऊन येणाऱ्या प्रवाशांमध्ये या काळात एक समजूत पसरली: दर दुप्पट, म्हणजे ला पाझ निम्म्या किमतीत. आपलाच हिशेब घेऊन ती तपासू. डॉलर ८५ रुपयांचा धरू.

६.९६ च्या दरानं ३३२ बोलिव्हियानो म्हणजे सुमारे ४८ डॉलर, अंदाजे ४,०५० रुपये. दर १४ झाला आणि भाव मात्र जागच्या जागी राहिले, तर हाच दिवस २४ डॉलरला, म्हणजे साधारण २,००० रुपयांना पडेल. पण भाव जागच्या जागी राहिले नाहीत. २०२३ मध्ये महागाई २ टक्क्यांच्या जवळ होती, २०२४ मध्ये ती १० टक्क्यांवर गेली आणि २०२५ च्या मध्यावर वार्षिक दर २० टक्क्यांच्या वर होता. दोन वर्षांत किमती मिळून ३० टक्के वाढल्या असं धरलं, तर ३३२ चे ४३२ होतात. १४ च्या दरानं हे सुमारे ३१ डॉलर, म्हणजे २,६०० रुपयांच्या आसपास. बचत निम्मी नाही, ३५ टक्क्यांची. दर दहावर आला की तेच ४३२ म्हणजे ४३ डॉलर, साधारण ३,७०० रुपये. मूळ ४,०५० च्या तुलनेत बचत उरते जेमतेम १० टक्के.

म्हणजे चलनातून मिळालेली स्वस्ताई काही महिन्यांची होती. तिच्या भरवशावर प्रवासाची आखणी करणं धोक्याचं. रोख डॉलर न्यावेत, पण नवे, न फाटलेले, न घडी पडलेले. डाग किंवा चीर असलेली नोट इथे नाकारली जाते. कार्ड वापरण्याआधी त्या दिवशी बँक कोणता दर लावते आणि पैसे बदलणारे दुकानदार कोणता देतात, हे दोन्ही पाहावं.

या आकड्यांची दुसरी बाजूही प्रवाशानं डोळ्यांआड करू नये. २०२५ साठी बोलिव्हियाचं किमान वेतन महिना २,७५० बोलिव्हियानो होतं, म्हणजे दिवसाला सुमारे ९२. आपली १६० ची ‘स्वस्त’ खोली हे तिथल्या कामगाराचं पावणेदोन दिवसांचं वेतन आहे. आपल्याला बचत देणारा दर त्याच्या घरात तेल आणि तांदूळ महाग करून आलेला होता. बाजारातल्या बाईशी, म्हणजे कासेरिताशी, दोन बोलिव्हियानोंसाठी हुज्जत घालू नये. रोज एकाच ओट्यावर गेलात तर ती ओळख धरते आणि मोजून झाल्यावर मूठभर जास्त, ‘यापा’ म्हणून, स्वतःहून पिशवीत टाकते.

उंची: हिशेबात न दिसणारी मोठी ओळ

आता मूळ मुद्दा. सांता क्रूझ हे बोलिव्हियातलं मोठं शहर ४१६ मीटरवर आहे. तिथून ला पाझचं विमान तासाभरात ४,०६१ मीटरवर आणून सोडतं. हवेचा दाब ९५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर येतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. हा प्रवासी तो सल्ला एका उड्डाणात मोडतो.

उंचीचा त्रास बहुतेकदा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत सुरू होतो: डोकं ठणकणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. विश्रांती घेतली तर एक-दोन दिवसांत तो ओसरतो. तो कुणाला होईल याचा अंदाज तब्येतीवरून बांधता येत नाही. रोज धावणारा माणूस आडवा होऊ शकतो आणि त्याचा बैठं काम करणारा जोडीदार सहज हिंडू शकतो. आधीच्या प्रवासात उंची बाधली होती का, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा संकेत. लेहला त्रास झाला असेल तर इथेही होण्याची शक्यता धरून चालावं.

जोडप्याच्या हिशेबात याचा अर्थ काय? चार रात्रींचा मुक्काम घ्या. थेट विमानानं आलात आणि दोघांपैकी एकालाही त्रास झाला, तर पहिले दोन दिवस दोघंही खोलीत, कारण जोडीदाराला तसं टाकून कुणी फिरायला जात नाही. त्या दोन दिवसांत फिरण्याचा खर्च वाचला तरी खोली आणि जेवणाचे २९२ रोज जातात. एकूण २९२ दुणे ५८४ अधिक ३३२ दुणे ६६४, म्हणजे १,२४८ बोलिव्हियानो. शहर पाहिलं दोनच दिवस. पाहिलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत पडली ६२४. जे जोडपं शरीर सरावून आलं, त्यानं चारही दिवस पाहिले, दिवसाला ३३२ मध्ये. हा फरक ८८ टक्क्यांचा आहे. खोलीच्या भाड्यात, जेवणात, चलनाच्या दरात कितीही घासाघीस केली तरी एवढी बचत होत नाही.

सावकाश चढण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पेरूकडून येणाऱ्यांना पहिला आयताच मिळतो: कुस्को ३,४०० मीटर, मग पुनो, मग सरोवराकाठचं ३,८४१ मीटरवरचं कोपाकाबाना, आणि तिथून सुमारे १५५ किलोमीटरवर ला पाझ. या रस्त्यावर तिकिनाची सामुद्रधुनी लागते. प्रवासी खाली उतरून लहान बोटीनं पलीकडे जातात आणि रिकामी बस लाकडी तराफ्यावर चढून डुलत डुलत मागून येते. पासपोर्ट आणि पैसे बसमध्ये न ठेवता अंगावर घ्यावेत.

सांता क्रूझकडून येणाऱ्यांनी २,८०० मीटरच्या सुक्रे किंवा २,५५८ मीटरच्या कोचाबांबात दोन-तीन रात्री काढाव्यात. हे दिवस वाया जात नाहीत, कारण ही शहरंही पाहण्यासारखी आहेत. सुक्रे तर १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कोचाबांबाहून ला पाझ सुमारे ३८० किलोमीटर, बसनं सात-आठ तास. एवढंच, की हा रस्ता राजकीय नाकेबंदीत वारंवार अडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये तो तीन आठवड्यांहून अधिक काळ विस्कळीत होता. पुढचं विमान पकडायचं असेल तर बसप्रवास आणि विमान यांच्यात एक मोकळा दिवस ठेवावा आणि त्याचे ३३२ आधीच बजेटमध्ये धरावेत.

एवढं करूनही एखाद्याला त्रास झाला तर? पहिल्या दिवशी चढ टाळावा, पाणी भरपूर प्यावं, दारू घेऊ नये, रात्री हलकं खावं. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो आणि इथे तो कायदेशीर आहे. मात्र त्याची पुडी भारतात आणू नये, ते आपल्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. ॲसिटाझोलामाइड ही गोळी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठरवावी. बसल्या जागी धाप लागणं, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही. दवाखाना गाठावा आणि खाली उतरावं. युंगासमधलं कोरोइको सुमारे १,७०० मीटरवर आहे आणि रस्त्यानं साधारण तीन तासांवर. त्या दिवशी पैशांचा विचार करू नये.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टला बोलिव्हियाचा व्हिसा लागतो. दिल्लीत त्यांचा दूतावास आहे. पीतज्वराची लस घेणं आवश्यक समजा. बोलिव्हिया, पेरू, ब्राझील हे तिन्ही देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. तिथून परतताना लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. दोघांनीही घ्यावी; एकाकडेच असेल तर परतीचा प्रवास तुटतो.

आता निष्कर्ष. ला पाझमध्ये दोघांचा साधा, नीट दिवस २०२३ च्या भावानं ३३० आणि महागाई धरून ४३० बोलिव्हियानोंच्या आसपास होतो. त्यात स्वतंत्र खोली घ्या, दुपारी बाजारात जेवा, रोपवेनं हिंडा. चलनाच्या दरावर विसंबू नका. इथे येण्याआधी अडीच हजार मीटरच्या आसपास दोन रात्री काढा आणि इथे चार रात्रींपेक्षा कमी थांबू नका. आणि बजेट मांडताना ते दोघांपैकी जो सावकाश चढतो त्याच्या गतीनं मांडा; दोघांचा मिळून खर्च त्यानंच कमी होतो.